आधी गाडी उभी करा, मग उंच करा

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझा भाचा एक जुनी जिप्सी घेऊन दारात आला. गाडी वीस वर्षांची, रंग उडालेला, डावीकडे जराशी कललेली. पोरगा मात्र ताठ उभा. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये यादी. पाच इंच लिफ्ट, एकतीस इंची टायर, पुढे लोखंडी बंपर. खिशात साठ हजार रुपये.

"मामू, नानांची ऐरण अजून आहे ना? पाटे आपणच वाकवू. बाहेर फार पैसे सांगतात."

ऐरण आहे. परसात, पेरूच्या झाडाखाली. माझे वडील कराडला हायवेवर पाट्याचं दुकान चालवत. पाटा म्हणजे गाडीच्या धुऱ्याला चेसिसपासून तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्या, ज्यांना काही जण कमान म्हणतात. उसाचे ट्रक, एसटीच्या गाड्या, दुधाचे टेम्पो आणि जीप, जे काही पाटा मोडून थांबायचं ते अब्बांकडे यायचं. आम्ही घरात दख्खनी बोलायचो आणि दुकानात मराठी, त्यामुळे पाटा, पाचर, चाकोरी, वंगण हे शब्द मला शाळेच्या आधी दुकानात मिळाले. पुढे मी मास्तर झालो. हातोडा सुटला, पण रस्त्याने जाणारी गाडी कुठल्या बाजूला बसली आहे हे आजही आधी दिसतं, तिचा रंग नंतर.

भाच्याची यादी नवीन नाही. आमच्या गल्लीतल्या, कॉलेजातल्या, नात्यातल्या कितीतरी पोरांच्या मोबाइलमध्ये ती असते. जुनी जीप, जुनी जिप्सी, जुनी बोलेरो घ्यायची, स्वस्तात उचलायची, मोठे टायर घालायचे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कमी पैशांत गाडी उंच करणाऱ्यांपैकी बहुतेकांना उंचीची गरज नसते. ज्यांना गरज असते त्यांना ती जिथे हवी तिथे मिळत नाही. आणि वाचवलेले पैसे बहुधा ब्रेकमधून वाचवलेले असतात. हे मी ऐकून सांगत नाही. चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याने दिली आहे. ते पुढे येईलच.

आधी उंचीचं बोलू. गाडीची उंची ही एक गोष्ट नाही. जमिनीपासून बॉडी किती वर आहे ही एक उंची. चेसिस आणि गिअरबॉक्सचं पोट किती वर आहे ही दुसरी. आणि धुऱ्याच्या मधला गोळा, ज्याला मिस्त्री डिफरन्शियल म्हणतात, तो किती वर आहे ही तिसरी. चिखलाच्या रस्त्यात चाकोऱ्या खोल होतात आणि दोन चाकोऱ्यांमध्ये मातीचा उंचवटा राहतो. त्याला घासतो तो हाच गोळा. जिप्सी किंवा जुन्या जीपसारख्या गाडीत हा गोळा धुऱ्याला जोडलेला असतो आणि धुरा चाकांना. म्हणजे पाट्यांनी गाडी पाच इंच उचला नाहीतर दहा इंच, गोळा आहे तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठा झाल्यावर, आणि तोही टायर जितका वाढला त्याच्या निम्माच, कारण धुरा चाकाच्या मधोमध असतो.

हे गणित मी भाच्याला वहीवर मांडून दाखवलं. जिप्सीचा टायर २०५/७० आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंच. भिंत वर-खाली मिळून २८७ मिलिमीटर, रिम ३८१. एकूण व्यास ६६८ मिलिमीटर, म्हणजे सव्वीस इंचांहून थोडा जास्त. त्याला हवा होता एकतीस इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ११९. त्याचा निम्मा ६०. एवढा सगळा खटाटोप करून गोळा सव्वादोन-अडीच इंच वर जाणार.

आणि त्या बदल्यात काय जाणार? चाकाचा व्यास जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तितकाच जड होतो. १.३ लिटरचं इंजिन, घाट, पावसाळा आणि मागे सामान. पोरगं पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत चढणार. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ७० च्या वर असेल, कारण मीटर चाकाचे फेरे मोजतो आणि मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. ब्रेक मात्र मूळ चाकाच्या हिशेबाने बनवलेले. चाक मोठं झालं की त्याला थांबवायला तितकाच जास्त जोर लागतो. टायर घ्यायच्या पैशांत हा खर्च कुणीच धरत नाही.

आता स्वस्तात उचलायच्या पद्धती. या मला पाठ आहेत, कारण अब्बांच्या दुकानात रोज कुणीतरी यातली एखादी मागायला यायचं.

पहिली, शॅकल लांब करणे. पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं असतं आणि दुसरं शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर. दुवा दोन इंच लांब केला की गाडी साधारण एकच इंच उठते, कारण दुसरं टोक जागचं हलत नाही. पाटा तिरपा होतो, त्याबरोबर धुराही फिरतो. पुढच्या धुऱ्यात असं झालं की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची सवय सोडतं, कारण चाकाचा मागे कललेला कोन कमी होतो. मग पाट्याखाली पाचर मारून तो कोन परत आणावा लागतो. स्वस्तातलं काम करणारा शॅकल लावतो, पाचर लावत नाही.

दुसरी, पाटा आणि धुरा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. मागच्या धुऱ्याला हे चालतं, मालवाहू गाड्यांना कंपन्याही लावतात. पुढच्या धुऱ्याला कधीही नाही. ब्रेक मारला की सगळा भार पुढे येतो, धुरा फिरायला बघतो आणि ठोकळा निसटण्याची भीती असते. अब्बा पुढचा ठोकळा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवत. पैसे दुप्पट देतो म्हणाला तरी.

तिसरी, जास्तीचा पाटा भरणे. गाडी उठते, पण कडक होते. खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाडीचं चाक खड्ड्यात खाली उतरायला हवं. पाटे कडक असले की ते उतरत नाही, हवेत लटकतं. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं स्वस्थ उभं राहतं. दुरून गाडी दणकट दिसते आणि चिखलात तीच आधी अडकते.

चौथी, धुऱ्याच्या खाली असलेले पाटे वर आणून बसवणे. जिप्सीत यानेच पाचएक इंच मिळतात, म्हणून पोरांना ही पद्धत आवडते. पाटे जुनेच, खर्च फक्त वेल्डिंगचा, असं ऐकायला छान वाटतं. पण स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो आणि खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपणहून वळते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस वाकड्या कोनात फिरून खातात. ॲक्सिलरेटर दिला की पाटा पीळ खातो. शॉकअप लांब लागतात, ब्रेकचे पाइप लांब लागतात. हे सगळं नीट केलं तर ती स्वस्त पद्धत राहत नाही. स्वस्तात केलं तर नीट होत नाही.

पाचवी, बॉडी आणि चेसिसमध्ये गुटके घालून नुसती बॉडी उचलणे. याने मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते, बाकी गाडीचं पोट होतं तिथेच. वर गिअरची दांडी, स्टिअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरचा पंखा यांचं जुळलेलं गणित बिघडतं.

पाचही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. गाडीचं वजन वर जातं आणि दोन चाकांमधलं अंतर तेवढंच राहतं. उभ्या डब्याला धक्का दिला तर तो आडव्या डब्याच्या आधी पडतो, हे सांगायला मास्तर लागत नाही.

आता माझी चूक.

मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. मोठे टायर एका भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळाले, पण ते मडगार्डला घासत होते. अब्बा नमाजला गेले की मी आणि दुकानातला एक पोरगा मिळून काम करायचो. पुढे लांब शॅकल, मागे ठोकळे. चार दिवसांत गाडी उठली. अब्बांनी ती पाहिली, खाली वाकून एकदा सगळीकडे हात फिरवला आणि विचारलं, "मागच्या ब्रेकचा पाइप बदललास?" मी म्हणालो, पुरतोय. ते म्हणाले, "उभ्या गाडीत पुरतोय." एवढंच. मी ते ऐकलं नाही. त्या वयात ऐकायचं नसतं.

जुन्या जीपमध्ये चेसिसवरून मागच्या धुऱ्यावर ब्रेकचं तेल नेणारा रबरी पाइप एकच असतो. सपाट रस्त्यावर तो सैल लोंबकळत होता. आम्ही तिघे जण कोयनेच्या पात्रात उतरलो, दगडांवर गाडी खेळवली. तिथे कधीतरी मागचं चाक पूर्ण खाली लटकलं आणि पाइप ताणला गेला. फुटला नाही. फक्त टोकाशी चीर पडली असावी. दुसऱ्या दिवशी चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरत होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेकचा पाय थेट तळाला गेला. त्या गाडीत ब्रेकच्या तेलाची वाट चारही चाकांना एकच होती. एका पाइपमधून तेल गेलं की चारही ब्रेक गेले.

मी गिअर खाली ओढले आणि गाडी डोंगराच्या बाजूला घातली. दुसरी बाजू दरीची होती. मोठ्या टायरांवर उंच झालेली गाडी गटारात चाक जाताच कलंडली. मला खरचटलं. शेजारी बसलेल्या माझ्या खालेच्या मुलाचा पाय गाडीखाली आला. दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण आखूड राहिला. ईदला घरी येतो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच त्याच्या पावलांचा आवाज मला ओळखू येतो. तो कधी काही बोलला नाही. खालाही बोलली नाही. अब्बांनी ऑपरेशनचे पैसे भरले आणि ती जीप भंगारात विकली. टायरसकट.

पाइप किती कमी पडत होता, ते अब्बांनी नंतर मोजलं होतं. जेमतेम इंचभर. त्या पाइपची किंमत तेव्हाही एका जेवणाएवढीच होती.

म्हणून भाच्याने "स्वस्तात" म्हटलं की मला पहिल्यांदा तो पाइप दिसतो.

यात कायद्याचाही भाग आहे आणि तो लपवून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. आणि आपल्या पोरांनी गाडीचे कागद इतरांपेक्षा दुप्पट चोख का ठेवावेत, हे घरातली मोठी माणसं नाक्यावरच्या अनुभवातून शिकलेली आहेत. ते मी वेगळं लिहीत नाही.

या कायद्याबद्दल माझी एक तक्रार जरूर आहे. जर्मनीत गाडीत बदल केला की ती तपासणी संस्थेकडे न्यायची, तिथला जाणकार ती तपासतो आणि योग्य असेल तर बदल कागदावर चढतो. ऑस्ट्रेलियातही मोठ्या बदलाला अभियंत्याचं प्रमाणपत्र घेता येतं. आपल्याकडे सामान्य माणसाला चांगलं काम करून ते दाखवायला सोपी खिडकी नाही. त्यामुळे पाचर लावणारा मिस्त्री आणि पाचर न लावणारा मिस्त्री कायद्याच्या नजरेत एकच. मग गिऱ्हाईक साहजिकच स्वस्ताकडे जातं. पण तक्रार आहे म्हणून कायदा मोडा, असं मी भाच्याला सांगू शकत नाही. सांगितलंही नाही.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. "तुला जायचं कुठे आहे?"

उत्तर खरं होतं. तो पाटण तालुक्यात मोबाइल टॉवरच्या जनरेटरची देखभाल करतो. पावसाळ्यात वीज गेली की डोंगरावरच्या टॉवरला डिझेल पोचवायचं असतं. दुचाकी घसरते, टेम्पो चढत नाही. त्यातल्या एका टॉवरचा शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता कच्चा. टॉवर बंद पडला की खालच्या वाड्यांवर फोन बंद, आणि तिथे फोन बंद म्हणजे ॲम्ब्युलन्सही बंद. म्हणजे ही हौस नव्हती, गरज होती. चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून फोटो काढणाऱ्यांत तो नव्हता. म्हणूनच त्याला पाच इंचांचं वेड लागलेलं बघून मला जास्त काळजी वाटली.

आम्ही एका रविवारी तो रस्ता टेप घेऊन पायी मोजला. चार किलोमीटरमध्ये गोळा घासेल अशा जागा निघाल्या तीन. त्यातल्या दोन ठिकाणी इंचभराचा फरक होता. एका जागी मात्र चाकोरी इतकी खोल होती की एकतीस इंची टायरवालाही तिथे अडकला असता. एका उंचवट्यावर गाडीचं पोट टेकत होतं. आणि पोट टेकण्याचं कारण घरी आल्यावर कळलं. चारही चाकांवर धुऱ्यापासून चेसिसपर्यंतचं अंतर मोजलं तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ इंचभर खाली होती. पाटे वीस वर्षांच्या ओझ्याने बसले होते. त्या गाडीला कंपनीने दिलेलीच उंची तिच्याकडे उरली नव्हती.

मी म्हणालो, "बेटा, तू हिला उंच करायला निघालास. ही अजून धड उभीच नाही."

मग आम्ही काकांकडे गेलो. काका म्हणजे अब्बांचे तीस वर्षांचे साथीदार. जातीने लोहार, अब्बा गेल्यावर त्यांनी काही वर्षं दुकान चालवलं, आता थकलेत. अब्बांनी प्रत्येक गाडीच्या पाट्याचा मूळ बाक एका वाकवलेल्या सळईत जपून ठेवला होता. भिंतीवर खिळ्यांना अशा पंचवीस-तीस सळया लटकायच्या, प्रत्येकीच्या टोकाला रंगाची खूण. काकांनी माळ्यावरून गोणपाटात बांधलेली जुडी काढली. जिप्सीची सळई तिच्यात होती. टोकाला हिरवा रंग.

काकांनी पाट्यांचा जोड सोडायला लावला. गंजलेला सेंटर बोल्ट कापावा लागला. एक मेन पाटा डोळ्याजवळ चिरलेला निघाला. तो दुरुस्त करायचा नाही, बदलायचा, एवढं त्यांनी ठणकावून सांगितलं. बाकीचे पाटे सळईच्या बाकावर आणले, थंडपणीच, ऐरणीवर ठोके देत. मी विचारलं, भट्टीत घालून लवकर नाही का होणार? ते म्हणाले, "लाल केला की कुणीही वाकवतो. मग तेलात विझवायचा, परत बेताने तापवायचा, तेव्हा त्याचा कस परत येतो. ते जमलं नाही तर पाटा चार महिन्यांत बसतो, नाहीतर कडकन मोडतो. सगळ्या गॅरेजांत भट्टी आहे. बेत कुठे आहे?"

ते सगळं होईपर्यंत तीन दिवस लागले. पाट्यांमध्ये वंगण, नवे बुश, नवे यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरू नयेत, हाही अब्बांचाच नियम. गाडी खाली सोडली तेव्हा ती चारही बाजूंनी सरळ होती आणि मागे जवळजवळ पावणेदोन इंच उठली होती. यात कायद्याला हरकत घ्यायला जागा नाही. ती कंपनीच्या उंचीवर परत आली होती, इतकंच.

टायरच्या बाबतीत मात्र थोडी तडजोड झाली. २३५/७५ आर १५ हा मोठा टायर अनेक जिप्सीवाले घालतात, पण त्याला गाडीची मूळ साडेपाच इंची रिम अरुंद पडते, म्हणजे रिमही नव्या घ्याव्या लागतात. आम्ही २१५/७५ आर १५ घेतला. तो बोलेरोचा टायर, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो, मूळ रिमवर बसतो. व्यास ७०३ मिलिमीटर, म्हणजे गोळा सुमारे १८ मिलिमीटर वर. मीटरमध्ये फरक पाच टक्क्यांचा, इंजिनवरही तेवढाच. कागदावर हाही बदलच आहे, आणि हे मी भाच्यापासून लपवलं नाही. निर्णय त्याचा. टायर पाच घेतले, कारण चार मोठे आणि स्टेपनी छोटी हे फोर-व्हील गाडीत चालत नाही. उरलेल्या पैशांत चारही शॉकअप, ब्रेकचे सगळे रबरी पाइप, ब्रेक लायनर, हवा भरायचा छोटा पंप आणि एक फावडं.

फावडं बघून पोरगा हसला. पण त्या खोल चाकोरीवर दुसरं औषध नव्हतं. वाडीतले तिघे, तो आणि मी, अर्ध्या दिवसात दगड भरून आम्ही ती जागा बुजवली. पंपाचं कारण असं की चिखलात टायरची हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. त्याला एक पैसा लागत नाही. डांबरी रस्त्यावर येताच परत भरायची, एवढंच पथ्य.

अब्बांना जीपची एक गोष्ट सांगायला आवडायची. ज्या कंपनीने या देशात जीप बनवल्या, ती १९४५ मध्ये लुधियानात सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अब्बा म्हणायचे, "पाटीवरचं नाव गेलं, पाट्याखालचे हात राहिले." भट्टीसमोर, गाडीखाली, ऑइलने काळे झालेले हात. त्यात आमचे होते, लोहारांचे होते, शिकलगारांचे होते. या हातांकडे असलेलं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते काकांच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेलं आहे. आपली पोरं ते विचारायला जात नाहीत, कारण मोबाइलमधला माणूस पाच मिनिटांत पाच इंच उचलून दाखवतो. तो ब्रेकचा पाइप दाखवत नाही.

गाडी उचलूच नये, असं मी म्हणत नाही. ज्याला खरंच त्या उंचीची गरज आहे, ज्याची गाडी रस्त्यावर न येता शेतात, खाणीत किंवा स्पर्धेच्या मैदानात चालते, त्याने उचलावी. पण पूर्ण उचलावी. पाचर, शॉकअप, शाफ्ट, स्टिअरिंग, ब्रेक, सगळ्यासकट. तेवढे पैसे नसतील तर इंच कमी करावेत, कामं कमी करू नयेत. आणि आधी टेप घेऊन आपला रस्ता मोजावा. कितीतरी जणांचा रस्ता मोजल्यावर कळेल की त्यांना लिफ्टची नाही, फावड्याची गरज आहे. उंच गाडी आहे म्हणून कासच्या सड्यावर किंवा कुणाच्या पेरलेल्या वावरात चाकं घालायचा हक्कही मिळत नाही, हेही जाता जाता सांगतो.

पावसाळा गेला. जुलैमध्ये दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा डिझेल वर पोचलं. ऑगस्टमध्ये एकदा दरड आली आणि शेवटचा अर्धा किलोमीटर बंद झाला. भाच्याने गाडी खाली उभी केली आणि वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन चालत गेला. रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, तिथे एकतीस इंचीही गेली नसती."

मी म्हणालो, "गाडी खाली लावताना ब्रेक नीट लागला ना?"

"लागला."

मला एवढंच ऐकायचं होतं.